हुकूम एकाचा, सैनिक दुसऱ्याचा: संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना अडते कुठे?

जानेवारी २०२५ च्या अखेरीस पूर्व काँगोतलं गोमा शहर एम-२३ या बंडखोर गटाच्या हाती पडलं. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे मोठे तळ होते, भारतीय जवानही होते. लढाईत दक्षिण आफ्रिकेचे आणि उरुग्वेचे शांतिसैनिक मारले गेले, तरी शहर गेलंच. ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेनं ठरवलं की दक्षिण लेबनॉनमध्ये १९७८ पासून असलेली शांतिसेना २०२६ च्या शेवटी गुंडाळायची. मग ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कहून तिसरी बातमी आली. तिजोरीत पैसे नाहीत, म्हणून नऊ मोहिमांमधले मिळून १३ ते १४ हजार सैनिक आणि पोलीस, म्हणजे साधारण पाव संख्याबळ, मायदेशी पाठवावं लागणार.

अशा बातम्यांखाली एक प्रतिक्रिया हमखास दिसते: हे निळ्या हेल्मेटवाले तिथे करतात तरी काय? नुसते बघत उभे राहतात! हा शेरा मला फार लागतो. कारण आजवर ४,४०० हून अधिक शांतिसैनिकांनी या कामात जीव गमावला आहे आणि त्यांत सुमारे १८० भारतीय आहेत. प्रश्न मात्र खोटा नाही. सैनिक जागेवर असताना शहरं पडतात, माणसं मारली जातात, हे खरं आहे. ते का होतं हे समजून घ्यायचं तर गोम्याच्या रस्त्यांवरून सुरुवात करून थेट न्यूयॉर्कच्या सुरक्षा परिषदेच्या टेबलापर्यंत जावं लागतं.

## शांतिसेना असते कुणाची?

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःची फौज नाही. १९४५ मध्ये सनद लिहिताना तशी कल्पना होती. कलम ४३ नुसार देशांनी आपापल्या फौजेचा काही भाग सुरक्षा परिषदेसाठी तयार ठेवायचा होता. शीतयुद्ध सुरू झालं आणि तसा एकही करार आजतागायत झाला नाही.

म्हणून प्रत्येक वेळी नव्यानं जुळवाजुळव करावी लागते. सुरक्षा परिषद ठराव करते. त्या ठरावात शांतिसेनेनं काय करायचं आणि तिला कोणते अधिकार आहेत ते लिहिलेलं असतं. त्याला मँडेट म्हणतात. मग सरचिटणीसांचं कार्यालय देशोदेशी विचारत फिरतं: एक बटालियन द्याल का, हेलिकॉप्टर द्याल का, इस्पितळ द्याल का? जो देश हो म्हणेल त्याचे सैनिक जातात. अंगावर आपल्याच देशाचा गणवेश, पगार आपल्याच सरकारचा, फक्त डोक्यावर निळं हेल्मेट किंवा निळी टोपी.

गंमत अशी की सनदेत या प्रकाराची तरतूदच नाही. सहाव्या प्रकरणात वाटाघाटी, मध्यस्थी असे सामोपचाराचे मार्ग आहेत. सातव्यात निर्बंध आणि लष्करी बळ आहे. शांतिसेना या दोन्हींच्या मधली. दुसरे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड तिला साडेसहावं प्रकरण म्हणत.

तिचे मूळ नियम तीन. भांडणाऱ्यांची संमती हवी. कुणाची बाजू घ्यायची नाही. आणि स्वसंरक्षण किंवा मँडेटचं रक्षण यापलीकडे बळ वापरायचं नाही. हे नियम कसे चालतात ते बघायला आपल्याकडचं बांधाचं भांडण घ्या. दोन भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं भांडले, डोकी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी दोघंही दमले. त्यांनी गावातल्या चार जाणत्यांना सांगितलं, तुम्ही इथे येऊन बसा, म्हणजे रात्रीतून कुणी दगड सरकवणार नाही. ते चौघं काठी घेऊन बसतात. पण बांध त्या काठीच्या जोरावर टिकलेला नसतो. दोघांनाही आता भांडण नको आहे, म्हणून टिकलेला असतो. उद्या एक भाऊ वीस माणसं घेऊन बांध फोडायला आला तर चौघं किती वेळ पुरणार? आणि ज्याच्या रानात ते बसलेत त्यानंच "उठा इथनं" म्हटलं तर?

दुसरा प्रसंग १९६७ मध्ये इजिप्तमध्ये घडला आणि २०२३ मध्ये मालीत घडला. पहिला प्रसंग गोम्याचा.

## पहिली सशस्त्र शांतिसेना व्हेटोला वळसा घालून आली

निरीक्षक पाठवण्याची पद्धत १९४८ मध्ये पॅलेस्टाइनपासून सुरू झाली. जानेवारी १९४९ पासून काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवरही असे निरीक्षक आले. हत्यारबंद तुकड्या मात्र पहिल्यांदा गेल्या त्या १९५६ मध्ये, सुएझच्या पेचात.

तो प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि इस्रायल, ब्रिटन, फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला चढवला. प्रश्न सुरक्षा परिषदेत आला, तर ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याकडे व्हेटो, म्हणजे नकाराधिकार. परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) एकानं जरी "नाही" म्हटलं तरी ठराव पडतो, मग बाकी सगळे बाजूनं असोत. त्या दोघांनी तो वापरला. हल्ला करणाराच निकाल रोखतो, ही अडचण आजची नाही.

वाट निघाली ती आमसभेच्या, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेच्या, १९५० च्या एका ठरावातून. व्हेटोमुळे परिषद ठप्प झाली तर विषय आमसभेत नेता येतो असं त्यात म्हटलं होतं. सुएझचा विषय तसा नेला गेला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी सेनेची कल्पना मांडली, हॅमरशोल्डनी काही दिवसांत ती उभी केली. सैनिक ओळखू यावेत म्हणून निळ्या टोप्या हव्या होत्या, पण त्या वेळेत शिवून मिळेनात. तेव्हा अमेरिकी हेल्मेटच्या आतल्या प्लास्टिकच्या टोप्या निळ्या रंगवून वापरल्या. आज सगळ्या जगाला ठाऊक असलेली खूण अशी घाईगर्दीत तयार झाली. पिअर्सनना १९५७ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. त्या सेनेत भारताची तुकडी अगदी सुरुवातीपासून होती.

आणि १९६७ च्या मे महिन्यात नासेर यांनीच सेनेला निघायला सांगितलं. सरचिटणीस ऊ थांट यांच्यापुढे पर्याय नव्हता, कारण सगळा डोलाराच संमतीवर उभा होता. माघार चालू असतानाच जूनमध्ये युद्ध पेटलं आणि गाझामध्ये अडकलेले काही भारतीय सैनिक त्यात मारले गेले.

## काम वाढलं, हात तेवढेच राहिले

शीतयुद्ध संपल्यावर मागणी एकदम वाढली. आता दोन देशांच्या फौजांमध्ये उभं राहायचं नव्हतं. एकाच देशात सरकार, तीन-चार टोळ्या, पळून आलेली जनता, आणि पाळायला कुणी तयार नसलेला करार, अशा ठिकाणी जायचं होतं. बांध कुठला आणि भाऊ किती, हेच माहीत नसलेली ही भांडणं.

रुवांडात कॅनडाचे जनरल रोमिओ डॅलेर यांच्याकडे साधारण अडीच हजार माणसं होती. ११ जानेवारी १९९४ रोजी त्यांनी न्यूयॉर्कला कळवलं की हत्यारांचे साठे लपवले जात आहेत आणि तुत्सी या अल्पसंख्य जमातीच्या कत्तलीची तयारी दिसते; छापा घालू द्या. उत्तर आलं की हे मँडेटमध्ये बसत नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. पहिल्याच दिवशी बेल्जियमचे दहा शांतिसैनिक मारले गेले आणि बेल्जियमनं आपली तुकडी काढून घेतली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं उरलेली सेना वाढवायच्या ऐवजी २७० पर्यंत खाली आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. त्या वर्षी रुवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा निवडून आलेला सदस्य होता. ज्या सरकारची माणसं कत्तल करत होती त्याचाच प्रतिनिधी त्या टेबलाशी बसलेला होता. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

पुढच्याच वर्षी बोस्नियात स्रेब्रेनिका. परिषदेनं १९९३ मध्ये या गावाला आणि आणखी काही ठिकाणांना सुरक्षित क्षेत्र जाहीर केलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांचा हिशेब होता की ही सगळी क्षेत्रं खरोखर राखायची तर सुमारे ३४,००० सैनिक लागतील. परिषदेनं मंजूर केले ७,६००. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौज आली तेव्हा गावात हलक्या हत्यारांनिशी काहीशे डच सैनिक होते. आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

दोष डच सैनिकांचा किती, यावर नेदरलँड्समध्ये वर्षानुवर्षं खटले चालले आणि ते योग्यच होतं. पण ३४,००० मागितल्यावर ७,६०० देणाऱ्यांवर कुठल्याच कोर्टात खटला चालत नाही. मला या सगळ्या विषयाचं मर्म तिथे दिसतं.

## मग नियम बदलले का?

बदलले. २००० मध्ये अल्जीरियाचे मुत्सद्दी लखदर ब्राहिमी यांच्या समितीनं स्पष्ट सांगितलं की न पेलणारं मँडेट देऊ नका, आणि पुरेसे सैनिक हाती येईपर्यंत ठराव पक्का करू नका. त्यानंतर बहुतेक मोठ्या मोहिमांना सातव्या प्रकरणाखाली नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायची मुभा मिळाली. २०१३ मध्ये काँगोत तर बंडखोरांवर चालून जाणारी खास ब्रिगेडच उभारली गेली, आणि तिनं त्या वर्षी काँगोच्या सैन्याबरोबर एम-२३ ला हरवलंही.

कागदावर अधिकार आले, पण संख्याबळ आणि साधनं त्या मानानं वाढली नाहीत. दक्षिण सुदान महाराष्ट्राच्या दुप्पट. त्या देशासाठी २०२५ मध्ये मंजूर सैनिक होते १७,०००. पावसाळ्याचे कित्येक महिने रस्ते पाण्याखाली असतात आणि लांबच्या तळावर हेलिकॉप्टरशिवाय पोचता येत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी पेटली. १९ तारखेला अकोबो या छोट्या तळावर सुमारे दोन हजार हत्यारबंद तरुण चालून आले. तळाच्या आत दुसऱ्या जमातीची, जीव मुठीत धरून आलेली माणसं होती. त्यांना आमच्या हवाली करा, अशी मागणी. तळावर भारतीय सैनिक होते चाळीसेक. आश्रयाला आलेल्यांच्या रक्षणात दोन भारतीय जवान धारातीर्थी पडले आणि आतले काही नागरिकही वाचवता आले नाहीत. त्याच सुमारास देशातल्या इतर तळांनी आपली फाटकं उघडली आणि हजारो लोक आत आले. पुढे हा आकडा दोन लाखांच्या घरात गेला. कुंपणामागे वसलेल्या त्या वस्त्यांमध्ये वाचलेला प्रत्येक जीव शांतिसेनेच्या नावावर जमा आहे, पण वाचलेल्यांची बातमी होत नाही.

गोम्याची गाठ याहून अवघड. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं वारंवार म्हटलं आहे की एम-२३ च्या मागे रुवांडाचं सैन्य आहे. म्हणजे समोर नुसती टोळी राहिली नाही, शेजारच्या देशाची शिस्तबद्ध फौज आली. त्यातच काँगो सरकारनं आधी शांतिसेनेला निघायला सांगितलं होतं आणि २०२४ मध्ये दक्षिण किवू प्रांतातून ती निघालीही होती. सामान्य लोकही चिडलेले. जुलै २०२२ मध्ये बुटेम्बो इथे निदर्शनांच्या हिंसाचारात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले होते. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट अशी की शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांत रुवांडा स्वतः आहे. सुरक्षा परिषदेनं रुवांडाला सैन्य मागे घ्यायला एकमतानं सांगितलं ते २१ फेब्रुवारी २०२५ ला. तोवर गोमा जाऊन तीन आठवडे उलटले होते आणि बुकावू हे दुसरं मोठं शहरही पडलं होतं.

## हुकूम कोण देतं, जातं कोण?

सैनिक देणाऱ्या देशांची यादी काढा. वरच्या ओळीत नेपाळ, रुवांडा, बांगलादेश, भारत, पाकिस्तान, इंडोनेशिया अशी नावं दिसतील. मँडेट लिहिणारे आणि ते रोखू शकणारे पाच देश या यादीत बरेच खाली आहेत. त्यातल्या त्यात चीन दीड-दोन हजारांच्या आसपास माणसं देतो. अमेरिकेचे मोजकेच.

भारतानं आजवर पन्नासाहून जास्त मोहिमांत २ लाख ९० हजारांवर माणसं पाठवली आहेत. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतल्या एलिझाबेथव्हिल इथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया मूठभर गोरखा जवान घेऊन कितीतरी मोठ्या सशस्त्र तुकडीवर तुटून पडले आणि रस्ता मोकळा करताना शहीद झाले. शांतिसेनेत असताना परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. १९९२ मध्ये माजी युगोस्लाव्हियातल्या सेनेचे पहिले प्रमुख होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीचे. २०१९ ते २०२२ दक्षिण सुदानमधल्या सेनेची धुरा लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे होती. २००७ मध्ये लायबेरियात फक्त महिलांची पोलीस तुकडी गेली, ती भारताची. तसं जगात प्रथमच झालं.

इतकं करूनही मँडेट लिहिलं जात असताना भारत त्या खोलीत असतोच असं नाही. परिषदेवर तो आठ वेळा दोन-दोन वर्षांसाठी निवडून आला, शेवटचा २०२१-२२ मध्ये. एरवी ठराव छापून आला की वाचायचा आणि बटालियन पाठवायची.

पाच जण व्हेटो कशासाठी वापरू शकतात याचं एक उदाहरण सांगतो. नव्वदच्या दशकात मॅसिडोनियात युद्ध पेटण्याआधीच शांतिसेना ठेवली होती. असा प्रयोग पहिलाच, आणि तो यशस्वी चालला होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये मुदत वाढवायची वेळ आली आणि चीननं व्हेटो वापरला. मॅसिडोनियानं नुकतीच तैवानला मान्यता दिली होती. चीननं कारण दिलं की आता गरज उरलेली नाही. २००१ मध्ये मॅसिडोनियात सशस्त्र संघर्ष पेटला.

## गरीब देश पैशासाठीच सैनिक पाठवतात ना?

हा आक्षेप नेहमी येतो. संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे दरमहा साधारण १,४०० डॉलर देतात, तेही त्याच्या सरकारला. छोट्या देशांच्या तिजोरीला ही रक्कम महत्त्वाची असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. भारताच्या संरक्षण खर्चापुढे मात्र ती नगण्य आहे. शिवाय पैसे वेळेवर मिळतातच असं नाही. देणी महिनोन् महिने थकतात.

थकतात कारण वर्गणी येत नाही. शांतिसेनेचं वर्षाचं बजेट साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास असतं. सगळं जग लष्करावर वर्षाला जेवढं खर्च करतं त्याच्या तुलनेत हे अर्धा टक्कासुद्धा नाही. पाच कायम सदस्यांना यात नेहमीपेक्षा जास्त वाटा उचलावा लागतो, ते न्यायाचंच आहे. अमेरिका आणि चीन मिळून जवळपास निम्मा भार उचलतात. म्हणून त्या दोघांनी हात आखडला, किंवा नुसता उशीर केला, तरी काँगोतल्या हेलिकॉप्टरचं इंधन बंद होतं. ऑक्टोबर २०२५ च्या कपातीमागे मुख्यतः अमेरिकेकडून न आलेले पैसे आहेत.

## इतकं अपयश, तर बंदच का करू नये?

शांतिसेनेवरचे काही डाग खरे आणि गंभीर आहेत. २०१० मध्ये हैतीत शांतिसेनेच्या तळावरच्या सांडपाण्यातून नदीत कॉलरा गेला आणि साथीत दहा हजारांच्या घरात लोक दगावले. सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती २०१६ च्या शेवटी. अनेक मोहिमांत सैनिकांकडून स्त्रियांचं आणि मुलांचं लैंगिक शोषण झालं. अशा सैनिकाला शिक्षा देण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांना नाही; तो त्याच्या देशाला आहे. बहुतेकदा सैनिकाला परत पाठवतात आणि पुढे काय झालं ते पीडितेला कळतही नाही. याचं समर्थन होऊच शकत नाही, आणि सैनिक पाठवणाऱ्या देशांनी, भारतासकट, इथे सगळ्यात कडक असलं पाहिजे.

तरीही बंद करा म्हणणाऱ्यांनी दुसरी यादीही वाचावी. नामिबिया, मोझांबिक, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट. या देशांत शांतिसेना गेली, निवडणुका झाल्या, हत्यारं जमा झाली, सेना परत आली. सिएरा लिओनमध्ये तर मे २००० मध्ये बंडखोरांनी पाचशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस धरले होते, आणि जुलैमध्ये कैलाहूनमध्ये वेढलेल्या भारतीय जवानांना लष्करी कारवाई करून सोडवावं लागलं होतं. पुढे सैनिक वाढवले, ब्रिटननंही आपली फौज उतरवली, आणि २००५ मध्ये मोहीम काम संपवून बंद झाली. संघर्षांचा अभ्यास करणाऱ्या अनेकांचा निष्कर्ष आहे की शांतिसेना असते तिथे थांबलेलं युद्ध पुन्हा भडकण्याची शक्यता बरीच कमी होते.

आणि बंद केल्यावर काय होतं ते मालीत दिसलं. तिथल्या लष्करी सरकारनं जून २०२३ मध्ये सेनेला बाहेर काढलं आणि रशियाच्या भाडोत्री सैनिकांवर भिस्त ठेवली. सेना निघता निघताच उत्तरेत पुन्हा लढाई जुंपली.

## व्हेटो काढून टाका ना!

ऐकायला सरळ आहे. पण सनदेचं कलम १०८ सांगतं की दुरुस्तीसाठी आमसभेतल्या दोन तृतीयांश देशांची मतं हवीत, आज १९३ पैकी १२९. मग तितक्याच देशांची घरच्या प्रक्रियेनं मान्यता हवी, आणि त्यांत पाचही कायम सदस्य असलेच पाहिजेत. व्हेटो काढायच्या दुरुस्तीला व्हेटोवाल्यांचीच सही लागते. सनद किती गोठली आहे ते बघायचं असेल तर कलम २३ उघडा. कायम सदस्यांत आजही सोव्हिएत संघाचं नाव आहे. तो विसर्जित झाला १९९१ मध्ये.

सोव्हिएत संघ आणि त्यानंतर रशियानं मिळून १२० हून अधिक वेळा व्हेटो वापरला, अमेरिकेनं ८० हून अधिक वेळा, त्यातला मोठा भाग इस्रायलशी संबंधित. ब्रिटन आणि फ्रान्सनं १९८९ नंतर वापरलेला नाही. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरच्या हल्ल्याचा ठराव रशियानं रोखला, तेव्हा त्या महिन्याचं परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं.

म्हणून काहीच होणार नाही, असं मात्र मी मानत नाही. परिषद एकदा वाढलेली आहे. १९६३ मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या नव्या स्वतंत्र देशांनी आमसभेत जोर लावला आणि सदस्यसंख्या ११ वरून १५ करायचा ठराव आणला. फ्रान्स आणि सोव्हिएत संघानं विरोधात मत दिलं. अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. ठराव ९७ मतांनी मंजूर झाला, आणि त्यापुढे दोन वर्षांच्या आत त्या सगळ्यांनी मान्यता दिली. इतक्या देशांचा रोष अंगावर घेणं कुणालाच परवडलं नाही.

## भारत कायम सदस्य झाला तर सुटेल?

भारत, ब्राझील, जर्मनी, जपान यांचा गट एकमेकांना पाठिंबा देतो. त्यांच्या २००५ च्या मसुद्यात २५ जणांची परिषद होती आणि नव्या कायम सदस्यांनी पंधरा वर्षं व्हेटो वापरायचा नाही असंही होतं. विरोधात इटली, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, मेक्सिको, अर्जेंटिना वगैरे. त्यांना नवे कायम सदस्यच नकोत, दीर्घ मुदतीचे निवडून आलेले चालतील. आफ्रिकी देशांची २००५ पासूनची मागणी दोन कायम जागांची, व्हेटोसकट. शांतिसेनेचं सर्वाधिक काम आफ्रिकेत चालतं आणि त्या खंडाकडे एकही कायम जागा नाही, तेव्हा त्यांचं म्हणणं मला सगळ्यांत रास्त वाटतं. १२९ मतं आफ्रिकेशिवाय कुणालाच जमणार नाहीत. भारतानं आपली ताकद आधी या मागणीमागे लावावी.

भारताचा दावा पक्का आहे, पण आत गेल्यावर सगळे प्रश्न सुटतील असं मानणं भाबडेपणाचं. फेब्रुवारी २०२२ च्या त्या ठरावावर भारत तटस्थ होता. प्रत्येक देश आपलं हित बघतो. फरक पडेल तो दुसऱ्या ठिकाणी. आपले जवान ज्या तळावर आहेत त्याचं मँडेट लिहिताना ३४,००० च्या जागी ७,६०० कोणी सुचवले, तर "मग आमची बटालियन येणार नाही" असं तोंडावर सांगणारा कुणीतरी आत असेल.

## सनद न बदलता काय करता येईल?

खरं तर यासाठी कायम जागेचीही वाट बघायची गरज नाही. सनदेचं कलम ४४ म्हणतं की परिषदेबाहेरच्या देशाची फौज वापरायची असेल, तर त्या फौजेच्या वापराचे निर्णय घेताना, त्या देशाची इच्छा असेल तर, त्याला सहभागी करून घ्या. कलम लिहिलं गेलं ते कधीच न उभ्या राहिलेल्या फौजेसाठी, म्हणून शांतिसेनेला ते लागू नाही असा युक्तिवाद होतो. भारत अनेक वर्षं त्याचा दाखला देत आला आहे. सैनिक देणाऱ्यांशी चर्चा करायच्या बैठका आजही होतात, पण अनेकदा मसुदा जवळपास पक्का झाल्यावर.

छोट्या पायऱ्या चढता येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताकडे परिषदेचं अध्यक्षपद असताना शांतिसैनिकांवर हल्ले करणाऱ्यांना शासन व्हावं यासाठी भारतानं मांडलेला ठराव एकमतानं मंजूर झाला. एप्रिल २०२२ पासून, लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाच्या पुढाकारानं, कुणी व्हेटो वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा ठेवावी लागते. त्यानं व्हेटो मागे घेतला जात नाही, पण वापरणाऱ्याला १९३ देशांसमोर कारण सांगायला बोलावलं जातं. आणि १९५० चा तो ठराव अजून जिवंत आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनबाबत त्याच वाटेनं आमसभेत १४१ मतं पडली. पण १९५६ सारखी, परिषदेला वळसा घालून नवी सेना उभी करायची हिंमत त्यानंतर जवळजवळ कुणी दाखवलेली नाही.

लेबनॉनमधली सेना ३१ डिसेंबर २०२६ ला काम थांबवेल आणि त्यानंतर वर्षभरात तिथून निघेल. तिच्यात भारताची बटालियन अनेक वर्षं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या चौक्यांवर इस्रायली मारा झाला, तरी सैनिकांनी जागा सोडल्या नव्हत्या. त्या सीमेवर पुढे कोण उभं राहणार, कुणाच्या पैशानं आणि कुठल्या मँडेटवर, हे पुन्हा त्याच पंधरा जणांच्या टेबलावर ठरायचं आहे, आणि त्यातल्या पाचांपैकी कुणीही एक जण ते रोखू शकतो.